विस्मरण आणि उजळणी

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



जून महिन्यात शाळा उघडते. चौथीच्या वर्गात शिक्षक फळ्यावर भागाकाराचे एक साधे उदाहरण मांडतात. उन्हाळी सुटीपूर्वी, तिसरीत असताना, ह्याच मुलांपैकी बहुतेकांनी असली उदाहरणे बिनचूक सोडविलेली असतात. आता मात्र वर्गात शांतता पसरते. कोणी आपल्या पाटीकडे पाहतो, कोणी शेजाऱ्याच्या. असाच प्रसंग साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, ऊसतोडणीहून परतलेल्या मुलांच्या बाबतीत घडतो. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर गेलेले मूल चार-पाच महिन्यांनी पुन्हा वर्गात येऊन बसते. जाताना जोडाक्षरे वाचू लागलेले ते मूल आता साध्या शब्दापाशीही अडखळते. अशा वेळी शिक्षकाच्या मुखातून एक म्हण सहज बाहेर पडते : पालथ्या घड्यावर पाणी.

ही म्हण अशा मुलांना लागू पडते काय, ह्याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात करावयाचा आहे. हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे. ज्या मुलाचा घडा पालथा आहे असे शिक्षकाने एकदा मनाशी ठरविले, त्याच्या वाट्याला मागची जागा येते, प्रश्न येईनासे होतात, आणि काही काळाने ते मूल स्वतःही स्वतःस ‘ढ’ समजू लागते. म्हणून मानवी मेंदू शिकलेली गोष्ट कशी साठवितो, ती का विसरतो आणि विसरलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, हे प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

विस्मरणाचे मोजमाप

विस्मरणाचे शास्त्रशुद्ध मोजमाप प्रथम केले ते हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. त्याचा स्मृतीवरील ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. त्याने सर्व प्रयोग स्वतःवरच केले. पूर्वज्ञानाचा आधार मिळू नये म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले, त्यांच्या ओळी बनविल्या आणि प्रत्येक ओळ न चुकता म्हणता येईपर्यंत पाठ केली. नंतर काही काळ मध्ये जाऊ देऊन तीच ओळ त्याने पुन्हा पाठ केली आणि पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी श्रम किती कमी पडले, ते मोजले. ह्या कमी पडलेल्या श्रमास त्याने ‘बचत’ असे नाव दिले.

पाठ केल्यावर २० मिनिटांनी ही बचत शेकडा ५८ होती. एका तासाने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि ३१ दिवसांनी २१. ह्या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, विस्मरणाचा वेग आरंभी फार मोठा असतो. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक भाग हातचा जातो. पुढे मात्र ही गळती मंदावते. असे विस्मरण एका विद्वान, प्रौढ आणि चिकाटीच्या अभ्यासकाच्या ठिकाणी घडले. तेव्हा काल शिकविलेले आज विसरणारे मूल मंदबुद्धीचे असते, हा समज निराधार ठरतो. विसरणे हा मनाचा सामान्य धर्म आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. महिना उलटल्यावर ओळ आपण होऊन म्हणता येत नसतानाही ती पुन्हा पाठ करण्यास नव्या ओळीइतके श्रम पडत नव्हते. पाचव्या हिश्श्याएवढे श्रम वाचत होते. ह्याचा अर्थ असा की, जे विसरले असे वाटते ते समूळ नाहीसे झालेले नसते. ते उच्चारता येत नाही, लिहिता येत नाही. परंतु त्याचा माग मेंदूत शिल्लक असतो.

एबिंगहाउसने आणखी एक तुलना केली. एका इंग्रजी काव्यातील कडवी पाठ करण्यास त्याला तेवढ्याच लांबीच्या निरर्थक अक्षरांच्या मानाने सुमारे एक दशांश श्रम पुरले. अर्थ कळल्याने पाठांतराचे ओझे एवढे हलके होते. जे न समजता पाठ करविले जाते, त्यासाठी मुलांना किती जास्त कष्ट पडतात, ह्याची कल्पना ह्यावरून यावी.

स्मृतीचे स्थान

हा माग मेंदूत कोठे राहतो? ह्या प्रश्नावर मोठा प्रकाश टाकला तो एका रुग्णाच्या दुर्दैवाने. हेन्री मोलेसन हा अमेरिकन तरुण अपस्माराच्या तीव्र झटक्यांनी त्रस्त होता. १९५३ साली हार्टफर्ड येथे डॉ. विल्यम स्कोव्हिल ह्यांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलामागील आतल्या अंगाचा काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, समुद्रघोड्याच्या आकाराच्या अवयवाचाही बराचसा भाग गेला. झटके पुष्कळ कमी झाले. परंतु त्या दिवसापासून मोलेसनला नवी गोष्ट ध्यानात ठेवता येईना. त्याची बुद्धी शाबूत होती, भाषा शाबूत होती, बालपणीच्या गोष्टी त्याला आठवत होत्या. मात्र समोरचा मनुष्य खोलीबाहेर जाऊन परत आला की तो त्याला अनोळखी वाटे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर ह्यांनी अनेक वर्षे त्याचा अभ्यास केला. तरी प्रत्येक भेटीत त्या त्याला नवख्याच होत्या. २००८ साली त्याचे निधन झाले.

ह्या रुग्णामुळे तीन गोष्टी उघड झाल्या. एक, क्षणभर ध्यानात ठेवणे आणि कायमचे ध्यानात ठेवणे ह्या मेंदूच्या दोन निराळ्या क्रिया आहेत. मोलेसनला सांगितलेला आकडा तो मनात घोकत राही तोपर्यंत सांगता येई. लक्ष दुसरीकडे गेले की तो नाहीसा होई. ही क्षणिक स्मृती पाटीसारखी आहे. तिच्यावर थोडेच मावते, आणि नवे लिहावयाचे तर जुने पुसावे लागते. दोन, नव्या अनुभवाचे रूपांतर टिकाऊ स्मृतीत होण्यासाठी हिप्पोकॅम्पसची आवश्यकता असते. पण पुष्कळ जुन्या झालेल्या स्मृती मेंदूच्या बाह्य आवरणात दूरवर पसरून स्थिरावलेल्या असतात. तीन, हाताच्या कौशल्याची स्मृती वेगळ्या मार्गाने जाते. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्याचे काम मोलेसनला तीन दिवस दिले गेले. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि तरीही हे काम आपण पूर्वी केले आहे हे त्याला आठवत नव्हते. पोहणे, सायकल चालविणे, अक्षराचे वळण ह्या गोष्टी हातापायांत मुरतात असे लोक म्हणतात, त्यात हेच तथ्य आहे.

पेशींचे सांधे

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि प्रत्येक पेशी इतर पुष्कळ पेशींशी सूक्ष्म सांध्यांनी जोडलेली असते. शिकण्याने हे सांधे बळकट होत असावेत, असे अनुमान स्पेनमधील शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल ह्यांनी १८९४ साली मांडले होते. त्याचा प्रत्यक्ष पडताळा पुढे एरिक कँडल ह्यांनी एका समुद्री गोगलगायीवरील प्रयोगांनी दिला. त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ह्या प्राण्याच्या शरीरात चेतापेशी अवघ्या २० हजारांच्या आसपास असल्यामुळे कोणत्या पेशीत कोणता बदल घडतो, हे पाहता येत असे.

कँडल ह्यांना असे आढळले की, अल्पकाळ टिकणाऱ्या स्मृतीत आहे त्याच सांध्यातून संदेश अधिक जोराने जाऊ लागतो. रचना बदलत नाही. परंतु दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीसाठी पेशीस नवी प्रथिने तयार करावी लागतात आणि पेशींमध्ये नवे सांधे फुटतात. म्हणजे टिकाऊ स्मृती हे शब्दशः एक बांधकाम आहे. बांधकामास साहित्य लागते, तसा वेळही लागतो. एकाच बैठकीत दिलेल्या शिक्षणापेक्षा काही दिवसांत विभागून दिलेले शिक्षण त्या क्षुद्र जीवाच्या ठिकाणीही अधिक काळ टिकले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे काम झोपेतही चालू असते. १९२४ साली जेन्किन्स आणि डालेनबाख ह्या अमेरिकन संशोधकांनी दाखविले की, पाठ केल्यानंतर झोप घेतली असता, तेवढाच वेळ जागे राहण्याच्या मानाने, विस्मरण कमी होते. १९९४ साली उंदरांवरील एका प्रयोगात असे दिसले की, जागेपणी फिरताना हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी बरोबरीने काम करीत, त्याच पुढे झोपेतही एकत्र जागृत होत. मुलांची रात्रीची झोप ही अभ्यासाची वैरीण नसून सोबतीण आहे, हे पालकसभेत आवर्जून सांगण्यासारखे आहे.

डोंगरावरच्या वाडीला जाणाऱ्या पायवाटेचे उदाहरण येथे घेता येईल. माणसे रोज जातात तोवर वाट ठळक असते. पावसाळ्यात वर्दळ थांबली की गवत माजते आणि वाट दिसेनाशी होते. म्हणून ती नव्याने खोदावी लागते काय? चार दिवस पावले पडली की तीच वाट पुन्हा उघडी होते. विसरलेला पाढा ही अशीच गवताखालची वाट होय.

आठवणे हाच अभ्यास

आता प्रश्न असा की, ही वाट मळण्यासाठी पाऊल कोणते? सामान्य समज असा आहे की, धडा पुनःपुन्हा वाचल्याने तो पक्का होतो आणि परीक्षा ही केवळ तो झाला की नाही हे पाहण्याची रीत आहे. प्रयोगांनी हा समज फिरविला आहे.

अमेरिकेतील आयोवा राज्यात १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर ह्यांनी सहावीच्या ३६०५ विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींना लगेच प्रश्न विचारले, काहींना काही दिवसांनी. ज्यांना आरंभीच प्रश्न विचारले गेले होते, त्यांच्या ध्यानात पुढे उताऱ्यातील अधिक भाग राहिला. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी ह्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, मग कागद मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तर दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. पण एका आठवड्याने चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

वाचताना मजकूर डोळ्यांसमोर असतो. मेंदूस वाट शोधावी लागत नाही. आठवताना मात्र त्यास त्या वाटेने स्वतः चालावे लागते, आणि त्या चालण्याने वाट मळते. सारांश, आठवणे ही शिकण्याचीच क्रिया आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्मृती ही पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे, की उघडली आणि जशीच्या तशी बाहेर काढली. केंब्रिज येथील फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित लोककथा इंग्रज वाचकांनी पुन्हा सांगितली तेव्हा त्यांनी तिच्यातील अनोळखी गोष्टींच्या जागी आपल्या ओळखीच्या गोष्टी घातल्या. प्रत्येक आठवणीत मेंदू ती गोष्ट नव्याने जुळवीत असतो. ह्यास्तव मुलाने आठवून सांगितलेल्या उत्तरात चूक असेल, तर ती तेथेच, शांतपणे दुरुस्त करावी. नाहीतर चुकीचीच वाट मळत जाते.

उजळणीचा खरा अर्थ

मराठी शाळेस ह्या तत्त्वाची ओळख जुनीच आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे पाढे म्हणवून घेणारे पंतोजी आणि तिन्हीसांजेस घराघरांतून होणारा परवचा ह्यांच्यामागे मेंदूचे शास्त्र नव्हते, अनुभव होता. ह्या कामास मराठीने ‘उजळणी’ असा शब्द योजिला. काळवंडलेले तांब्याचे भांडे घासून उजळावे, तसे मंदावलेले ज्ञान पुन्हा लखलखीत करणे, हा त्याचा भाव. भांडे नाहीसे झालेले नसते. त्यावर केवळ पुट चढलेले असते.

परंतु उजळणी आणि घोकंपट्टी ह्यांत भेद आहे. एकाच दिवशी एकच पाढा पन्नास वेळा म्हणविणे ही घोकंपट्टी. काही दिवसांच्या अंतराने, पुस्तक मिटून, तोच पाढा थोडा थोडा आठवावयास लावणे ही उजळणी. अंतराचे महत्त्व एबिंगहाउसनेच दाखविले होते. एका दिवशी लागोपाठ केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले. श्रम जवळजवळ निम्मे, फळ तेच.

वर्गात हे घडविण्यास कोणतेही साधन विकत आणावे लागत नाही. दिवसाच्या आरंभी आठ-दहा मिनिटे ह्यासाठी राखून ठेवावीत. पुस्तके दप्तरात असावीत, पाट्या हाती असाव्यात. शिक्षकांनी एक प्रश्न कालच्या पाठावर, एक मागील आठवड्याच्या आणि एक मागील महिन्याच्या पाठावर विचारावा. हात वर करणाऱ्या चार मुलांकडूनच उत्तर घेऊ नये. सर्वांनी पाटीवर लिहावे, कारण जे मूल आठवण्याचा प्रयत्न करील त्याचीच वाट मळते. मग बरोबर उत्तर फळ्यावर मांडावे आणि प्रत्येकाने आपली चूक आपणच सुधारावी. ह्या कामास गुण देऊ नयेत. अनेक इयत्ता एकत्र बसणाऱ्या शाळेत मोठी मुले लहानांना प्रश्न विचारू शकतात. तेवढ्यात त्यांचीही उजळणी होते.

ह्या वेळी भीती मात्र वर्गाबाहेर असावी. धास्तावलेल्या मुलास येत असलेले उत्तरही आठवत नाही, हा अनुभव कोणत्या शिक्षकास नाही? बालकाच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. स्मृतीच्या दृष्टीनेही हीच आज्ञा योग्य ठरते.

परतलेले मूल

आता पुन्हा त्या उसाच्या फडातून आलेल्या मुलाकडे वळू. त्याची पहिल्याच दिवशी परीक्षा घेतली तर पाटी कोरी राहील, आणि त्या कोऱ्या पाटीवरून त्याचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल. त्या दिवशी त्यास काय म्हणता येते हे पाहण्यापेक्षा, पुन्हा शिकण्यास त्यास किती वेळ लागतो हे पाहावे. एबिंगहाउसची ‘बचत’ येथे शिक्षकाच्या उपयोगी पडते.

त्याकरिता एक सोपी रीत आहे. जाण्यापूर्वी मुलास काय येत होते, ह्याची नोंद शिक्षकांनी वहीत ठेवावी : कोणते पाढे, कोणती अक्षरे, बेरीज हातच्याची की बिनहातच्याची. परतल्यावर त्याच नोंदीपासून आरंभ करावा. पहिल्या दिवशी थोडी मदत देऊन ती गोष्ट करवून घ्यावी, दुसऱ्या दिवशी मदत कमी करावी, आणि तारीखवार लिहीत जावे. पूर्वी ज्या पाढ्यास आठ दिवस लागले होते, तो आता त्याहून कमी दिवसांत बसला, तर मूळ ज्ञान जिवंत होते असे समजावे. एखाद्या ठिकाणी मात्र नव्याइतकाच वेळ लागत असेल, तर तो भाग पूर्वीच नीट समजलेला नव्हता असे मानून, राग न धरता, मुळापासून शिकवावा. गवताखाली वाट असेल तर ती उघडी करावयाची. वाट नसेल तर ती पाडावयाची. हा फरक ओळखणे हे शिक्षकाचे कौशल्य होय.

त्या वहीतील नोंद मुलासही दाखवावी. ‘गेल्या वर्षी सहाचा पाढा आठ दिवसांत आला होता, ह्या वेळी तीन दिवसांत आला,’ एवढे एक वाक्य त्याच्या मनातील न्यूनगंड घालविण्यास पुष्कळ उपयोगी पडेल. आपण विसरलो होतो, पण आपले गेले नव्हते, हे त्यास कळेल. मार्च २०२० पासून महासाथीमुळे शाळा बंद राहिल्या आणि पुढे २०२१ साली राज्यात सेतू अभ्यास योजावा लागला, तेव्हा जी वेळ एकदम सर्व मुलांवर आली, ती ह्या मुलांवर दरवर्षी येते. तेव्हा सर्वांना जी सवलत दिली गेली, ती ह्यांना दरवर्षी मिळाली पाहिजे.

मूल विसरते ह्याबद्दल शिक्षकांनी खेद मानू नये आणि मुलावर दोषही ठेवू नये. पेरलेले बी जमिनीआड गेले म्हणून शेतकरी ते वाया गेले असे म्हणत नाही. तो पुढच्या पाळीची तयारी करतो. शिकविणे हे शिक्षकाचे निम्मे काम. योग्य अंतराने परत येऊन आठवण करून देणे हे उरलेले निम्मे. हे दुसरे निम्मे काम ज्या वर्गात नेमाने होते, तेथे घडा पालथा असल्याची तक्रार करण्याची वेळ क्वचितच येईल.